कोर्टाची ओसरी

आप्पा, परवा तुम्हाला बसवून आलो. तुम्हा लिंगायतांत माणसाला शेवटीही आडवं करत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. कपाळाला विभूती, हातात लिंग, गळ्यात बेलाची माळ आणि पाठ ताठ. धान्याच्या मोंढ्यातल्या गादीवर तुम्ही कधी इतके ताठ बसला नव्हता. लोडाला टेकून, एक पाय खाली सोडून, कुणाला तरी हाक मारायच्या बेतात असायचा. मी मातीची मूठ घातली आणि बाजूला झालो. मला तिथं फार वेळ उभं राहवलं नाही.

मोंढा दिवसभर बंद होता. कोर्ट बंद नव्हतं. पक्षकार मेला तर वारसांची नावं लावायला तारीख देतात, वकील मेला तर दोन मिनिटं उभं राहतात. ज्यानं पोत्यापोत्यापुढं हात पसरून कोर्टाची इमारत उभी केली तो मेला तर काय करायचं, याचं कलम नाही. मी मुन्सफांच्या कानावर घातलं. ते नवे आहेत, तुम्हाला ओळखत नव्हते. 'असं का,' म्हणाले आणि पुढचं प्रकरण घेतलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बंद ठिवून काय मिळनार वकीलसाब? लोक पेशीला लांबून आल्यालं असत्यात."

वकीलसाब हे तुम्ही मला आदरानं कधीच म्हटलं नाही. मी हैदराबादेत उर्दूतून कायदा शिकून कळंबला आलो तेव्हा तुमच्या मिशीत केस पांढरे व्हायला लागले होते. माझा पहिला मोठा पक्षकार तुम्ही, आणि माझं म्हणणं न ऐकणारा पहिला पक्षकारही तुम्हीच. आपली ओळख अशी झाली. पुढं तिचं काय झालं त्याला नाव द्यायची गरज दोघांनाही पडली नाही. मोंढ्यातल्या आडतदाराला आणि ब्राह्मणाच्या पोराला रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून भांडायला काय मिळतं, असं लोक विचारायचे. मलाही ते सांगता आलं नसतं.

जुनं कोर्ट तुम्हाला सांगायची गरज नाही, मला मात्र ते आठवायचं आहे. तुमच्या दुकानाला लागून असलेलं ते भाड्याचं गोदाम. वर पत्रे, खाली सारवलेली जमीन, भिंतीत करडईचा वास मुरलेला. मुन्सफसाहेबांना खुर्ची, आम्हा वकिलांना बाक, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चालायचं ते लोक बाहेर उन्हात. सावली शोधत ते तुमच्या दारातल्या पोत्यांच्या थप्पीला टेकायचे. आत उलटतपासणी रंगात आलेली असायची आणि बाहेर तुमचा हमाल काट्यावर मोजत असायचा, "लाभ, दोन, तीन..." मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे मुन्सफसाहेबांनाही पाठ झालं होतं. एकदा मी एका साक्षीदाराला विचारलं, तुझे बैल किती? तो बाहेरच्या तालात सापडला आणि म्हणाला, "सात." त्याच्या घरी एकच बैल होता, तोही उसना. त्या दिवशी मुन्सफसाहेबसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसले.

मग सुगीत तो येरमाळ्याकडचा म्हातारा आला. शेताच्या वाटेचा दावा होता, वकील नव्हता. पहाटे निघून चालत आलेला माणूस तुमच्या थप्पीला टेकून बसला. चपराशानं दारात उभं राहून तीनदा पुकारा केला. त्याच वेळी तुमच्याकडं ज्वारीचं माप जोरात चाललं होतं. दार हाकेच्या अंतरावर होतं, पण हाक म्हाताऱ्यापर्यंत पोचली नाही. हजर नाही म्हणून दावा खारीज झाला. कोर्ट उठल्यावर त्यानं तुम्हालाच विचारलं, "शेट, माजं नाव घेतलं का वो?"

 संध्याकाळी तुम्ही माझ्याकडं आलात आणि पायरीवरच बसलात. मी सांगितलं, दावा परत लावून घ्यायचा अर्ज करता येतो, फी नको. आपण दोनदा माणूस धाडला. म्हातारा पुन्हा कळंबला आला नाही. त्याला जे कळायचं ते कळलं होतं.

"कोर्ट हितनं हलवाय पायजे," तुम्ही म्हणालात.

"मोंढा हलवा की," मी म्हणालो.

"मोंढ्याला आवाज लागतोय. कोर्टाला न्हाय लागत."

निजाम सरकारकडं अर्ज गेले. जागा देऊ, निम्मा खर्च देऊ, बाकीचा गावानं चंदा करून आणावा, असं उत्तर आलं. त्याच्या पाठपुराव्यासाठी आपण दोघं हैदराबादेला गेलो. येडशीपर्यंत बैलगाडी, तिथून छोटी गाडी, कुर्डूवाडीला इंग्रजांच्या मुलखात उतरून मोठी गाडी. आपल्याच राजधानीला जायला परक्याचं अंगण ओलांडावं लागतं, यावर तुम्ही वाटभर बोलत होता. मी वैतागून म्हणालो, आप्पा, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात आणि तुम्ही ती बांधायला निघालात. तुम्ही पान लावता लावता म्हणालात, "चढू न्हाय म्हनत्यात. पर चढावं लागलंच, तर बसाय जागा नको व्हय?"

कचेरीत नकाशा दाखवला. मुन्सफांची खोली, दप्तर, वकिलांची खोली, साहेबांची गाडी उभी राहायला कमान. तुम्हाला उर्दू वाचता येत नव्हतं, पण जागा मोजता येत होती. तुम्ही बोट ठेवून विचारलंत, लोक कुठं बसणार? कारकून म्हणाला, लोग आते हैं, जाते हैं. तुम्ही मला म्हणालात, ह्यास्नी सांगा, निम्मा चंदा आमचा आहे, तर आमच्या निम्म्यात ओसरी पाहिजे. तीन बाजूंनी, खाली शहाबादी, आणि पुकारा शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतकीच लांब. मी ते जरा सभ्य उर्दूत सांगितलं. काय आश्चर्य, त्यांनी मान्य केलं. बहुधा चंदा जमणारच नाही अशी त्यांची खात्री असावी.

तशी माझीही होती. मोंढ्यात दर पोत्यामागं मूठभर धान्य धर्मादाय म्हणून बाजूला काढायची चाल जुनी. ते श्रावणातल्या अन्नदानाला जायचं. त्यातला वाटा कोर्टाला द्यावा असं तुम्ही काढलंत तेव्हा आडतदार खवळले. कोर्ट काय देव आहे? मी वेगळ्याच बाजूनं खवळलो. म्हणालो, मूठ शेतकऱ्याच्या पोत्यातली, पुण्य मात्र आडतदाराच्या नावावर. ज्याचं धान्य त्याला कधी विचारलंत का? मी हे तुम्हाला गप्प करायला म्हटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही काट्याजवळ उभं राहून प्रत्येकाला विचारायला लागलात.

"पावनं, कोर्टाच्या ओसरीला एक मूठ घालता का? न्हाय म्हनलात तरी राग न्हाय."

काहींनी नाही म्हटलं. काहींनी दोन घातल्या. एकजण तावातावानं म्हणाला, "म्या तिथं हारलोय. एक दाना देनार न्हाय." तुम्ही म्हणालात, "हारल्याल्या मानसाला तर आदी बसावं लागतंय." त्यानं तुमच्याकडं पाहिलं, आणि मूठ घातली. हे मी स्वतः पाहिलं आहे. मोंढ्यातले बाकीचे आडतदारही मग विचारायला लागले, कारण तुमच्या दारात विचारलेला शेतकरी त्यांच्या दारात न विचारता मूठ घेऊ देईना.

इथवर सगळं ठीक होतं. इथून पुढं आपलं भांडण आहे, आणि ते मिटलेलं नाही.

तुमचा स्वतःचा दावा त्याच कोर्टात चालू होता आणि वकील मी होतो. वडिलांच्या वाटणीत दुकान तुम्हाला आलं, नदीकडचा मळा धाकट्या नागाप्पांना. मळ्याचा कोपरा मात्र दोघांचा, कारण तिथं घरची गेलेली माणसं बसवलेली. तुमच्या मंडळी, आमच्या काकू, त्याही तिथंच. पुढं बैलाच्या पाण्यावरून तुम्हा भावांचं फाटलं, आणि नागाप्पांनी कोपऱ्याला काटेरी कुंपण घातलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तुम्हाला मळा नको होता, विहीर नको होती. काकूंच्या शेजारी एका माणसाची जागा हवी होती. शिवरात्रीला तुम्ही बांधावर उभे राहून कुंपणावरून बेल टाकायचा. तो काट्यात अडकायचा.

दावा आपला भक्कम होता. साक्षीदार सच्चे होते, आणि नागाप्पांच्या वकिलाला स्वतःचाच मुद्दा पटत नव्हता. दोन पेशींत निकाल आला असता. अशात मुन्सफसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. भला माणूस होता, आवाज कधी चढवला नाही. म्हणाले, "लोग क्या कहेंगे, ये मैं नहीं पूछता वकीलसाहब. मुद्दालेह क्या कहेगा, ये पूछता हूँ." म्हणजे नागाप्पा काय म्हणतील. ज्यानं कोर्टाला घर बांधून दिलं त्याच्या बाजूनं निकाल लागला, तर हरलेल्यानं तो का मानावा? तेव्हा आप्पांनी चंदा तरी सोडावा किंवा दावा तरी.

मी मार्ग काढून आणला होता. दावा धाराशिवच्या कोर्टात बदलून घ्यायचा. अर्ज लिहून खिशात ठेवला होता, तुमची सही तेवढी बाकी होती. तुम्ही तो हातातही घेतला नाहीत.

"आन् धाराशिवात जितलो, तर कळंबात काय म्हनतील? आप्पानं कोर्ट बांदलं, वरचं कोर्ट बी आपलं केलं."

"म्हणू द्या. कायद्यानं चूक नाही."

"कायद्याचं न्हाय वकीलसाब. लोकांनी मूठ माज्या हातात घातलीया. हात सोच्छ पायजे."

"मग चंदा दुसऱ्या कुणाला गोळा करू द्या."

"कोन करंल? नाव सांगा."

मी नाव सांगू शकलो नाही. अजूनही सांगू शकत नाही, आणि याचाच मला राग येतो. तरी मी म्हणालो, काकूंच्या शेजारची जागा तुम्ही कुठल्या तरी अनोळखी म्हाताऱ्यासाठी सोडताय. तुम्ही म्हणालात, "ती समजूतदार हाय. रागावनार न्हाय." आणि मग, "रागावली तरी आता काय करती?" तेव्हा तुमचा आवाज फुटला. मी रस्त्याकडं पाहत राहिलो. एवढी सभ्यता मला येते.

दावा मागं घेतल्याचं आणि पुन्हा करणार नसल्याचं माझ्याच हातानं लिहून दिलं. तुम्ही खाली सही ठोकलीत आणि काट्याकडं निघून गेलात. मी तुमच्याशी महिनाभर बोललो नाही. तुमच्या ते लक्षात आलं नाही असं तुम्ही दाखवलंत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, कारण नाहीतर मला माफी मागावी लागली असती.

लढाईमुळं सिमेंट मिळेना, म्हणून तुम्ही घाणीवर चुना मळून घेतला. भिंती खांद्याइतक्या आल्या आणि वाईट दिवस सुरू झाले. गावातली माणसं एकमेकांना टाळायला लागली, गवंडी निघून गेले, जोत्यावर गवत उगवलं. लोक म्हणायचे, मुठी गेल्या आणि कोर्टही गेलं. तुम्ही शहाबादी फरश्यांच्या थप्पीवर कडबा टाकून ठेवला होता. निजामी गेली, कामाला पुन्हा हात लागला, तेव्हा त्यातली एकही फुटलेली निघाली नाही.

इमारत झाली त्या दिवशी भाषणं झाली. तुमचं नाव एका वक्त्यानं घेतलं, तेही चुकवलं. सगळे पांगल्यावर तुम्ही ओसरीच्या पार टोकाला जाऊन बसलात आणि मला म्हणालात, चपराशाला पुकारा करायला सांगा. चपराशी जुनाच होता. कुणाच्या नावाचा करू, म्हणाला. तुम्ही म्हणालात, माझ्या. तो दारात उभा राहिला आणि सवयीनं जुन्याच भाषेत ओरडला, "मल्लाप्पा वल्द शिवाप्पा, हाजिर हो!"

तुम्ही टोकाहून हात वर केलात. "ऐकू येतंय," म्हणालात, आणि धोतर झटकून उठलात. त्या कोर्टाच्या दारात तुमच्या नावाचा पुकारा झाला तो तेवढाच. त्या क्षणी मला भरून आलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगून ठेवतो.

परवाची गोष्ट तुम्हाला कळायला हवी. सकाळी तुम्ही गेल्याची बातमी फुटली आणि अंगणात माणसं जमली. लिंगायत समाजाच्या जागेत खड्डा घ्यायला माणसं धाडायचं चाललं होतं. इतक्यात नागाप्पा आले. इतकी वर्षं त्यांनी तुमच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. डोक्याला पटका नव्हता, आणि पायाला बरंच खरचटलं होतं. ते तुमच्याजवळ गेले नाहीत. तुमच्या मुलापुढं, शिवराजपुढं, उभे राहिले.

"कुंपन काढलंय म्या," म्हणाले. "दादाला मळ्यात न्या. वयनीच्या बाजूला."

मी तुम्हाला खरं सांगतो आप्पा, माझ्या तोंडून 'न्या' असं निघूनही गेलं. इतकी वर्षं जी जागा मी कागदावर मागत होतो ती समोरून चालत आली होती. पण शिवराजनं मान हलवली. त्याचे डोळे लाल होते.

"आप्पांनी सांगून ठिवलंय काका. कुनी दिलं तरी घ्यायचं न्हाय. मागं घेतलं म्हंजे घेतलं."

 नागाप्पा माझ्याकडं पाहायला लागले, जणू यावर काही अपील असतं आणि ते मला माहीत असणार. नव्हतं. तुम्ही मेल्यावर आपण दावा जिंकला, आणि तुम्ही निकाल घेतला नाहीत. माझ्या सबंध वकिलीत असा पक्षकार दुसरा नाही, आणि पुन्हा मिळू नये.

तुमचं बरोबर होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. धाराशिवचा अर्ज चांगला होता. काकू तिकडं एकट्या आणि तुम्ही इकडं, हे मला पटत नाही, आणि पटेल असं वाटत नाही. पण परवापासून संध्याकाळ झाली की पाय मोंढ्याकडं वळतात. पायरीपाशी जाऊन लक्षात येतं, भांडायला कुणी नाही. मला तुमची फार आठवण येते. एवढं साधं वाक्य तुमच्या हयातीत म्हटलं असतं तर तुम्ही चिडवून हैराण केलं असतं, म्हणून आज लिहितो आहे.

आज सकाळी कोर्टात लवकर गेलो. ओसरी भरायला लागली होती. शिराढोणकडची दोन-तीन माणसं भाकरी सोडून बसली होती, एक बाई पोराला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. पार टोकाला, जिथं तुम्ही पुकारा ऐकायला बसला होता, तिथं नागाप्पा बसले होते. पायावरच्या जखमांना हळद लावलेली.

मी जवळ जाऊन विचारलं, "आज पेशी आहे का तुमची?"

"न्हाय," ते म्हणाले. फरशीवरून हात फिरवत राहिले. "बसलोय नुसता. बसलं तर चालंल न्हवं?"

चपराशी दारात येऊन पहिलं नाव पुकारत होता. ते टोकापर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

"बसा," मी म्हणालो. "बसायलाच केलंय."